सिझेरियननंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू, टाके आणि फिजिओथेरपी

मृदगंध

पुण्यात स्त्रियांच्या आरोग्याशी संबंधित फिजिओथेरपीचे काम मी करते. सिझेरियन झालेल्या ज्या मैत्रिणी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेक जणी कंबरदुखीसाठी किंवा सुटलेल्या पोटासाठी म्हणून येतात. तपासणी संपत आली आणि आई किंवा सासूबाई बाळाला घेऊन बाहेर गेल्या, की आवाज खाली जातो आणि मनातला प्रश्न बाहेर येतो: शिंकले की लघवीचे थेंब गळतात, पण माझे तर सीझर झाले आहे, मग हे मला कसे होते? काही जणींना तर असे सांगून परत पाठवलेले असते की बाळ खालून आलेच नाही, तेव्हा तिथे काही बिघडण्याचे कारण नाही. हे खरे नाही, आणि या समजापायी किती तरी जणी वर्षानुवर्षे मुकाट्याने पॅड वापरत राहतात, म्हणून हा धागा काढत आहे.

समोरच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत आणि दोन्ही बाजूंच्या हाडांपर्यंत स्नायूंचा एक थर झोळीसारखा ताणलेला असतो, त्यालाच ओटीपोटाचा तळ म्हणतात. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना तो खालून आधार देतो. लघवी आणि शौच धरून ठेवणे व योग्य वेळी मोकळे सोडणे, शरीरसंबंधातील संवेदना, शिवाय पोटाच्या आणि पाठीच्या खोल स्नायूंच्या साथीने कंबरेला स्थैर्य देणे, ही सगळी त्याची कामे आहेत. या थरावर ताण फक्त प्रसूतीच्या तासांत येतो असे नाही. गरोदरपणात वाढत जाणारे वजन, संप्रेरकांमुळे सैलावलेल्या ऊती, बद्धकोष्ठामुळे रोजचे कुंथणे, हे सारे सिझेरियन होणाऱ्या स्त्रीच्याही वाट्याला तितकेच येते. ज्यांना बारा-चौदा तास कळा येऊन, गर्भाशयाचे तोंड पूर्ण उघडून, मग ऐनवेळी शस्त्रक्रिया करावी लागली, त्यांच्या स्नायूंनी तर नैसर्गिक प्रसूतीतला बराचसा भारही सोसलेला असतो.

नॉर्वेतील पंधरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. लघवी गळण्याची तक्रार कधीच बाळंत न झालेल्या स्त्रियांमध्ये १०.१ टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांमध्ये १५.९ टक्के आणि फक्त योनिमार्गे प्रसूती झालेल्यांमध्ये २१ टक्के आढळली. सिझेरियनमुळे हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडे हा प्रश्न किती घरांचा आहे तेही पाहावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या; महाराष्ट्रात हे प्रमाण २५.४ टक्के आणि गोव्यात ३९.५ टक्के होते, तर देशभरातील खासगी रुग्णालयांपुरते पाहिले तर ते ४७.४ टक्के होते.

शस्त्रक्रियेत काय होते हे ठाऊक असले की पुढचे व्यायाम समजून करता येतात. त्वचा, चरबी आणि त्याखालचे कठीण आवरण यांना छेद दिला जातो. पोटाचे उभे स्नायू मात्र सहसा कापत नाहीत. ते मधोमध विलग करून बाजूला सारतात. त्यानंतर पोटातले पातळ आवरण उघडतात, मूत्राशय थोडे खाली सरकवतात आणि गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेतात. वरचे टाके दहा-पंधरा दिवसांत सुकले म्हणजे आतले सारे भरून आले असे समजू नये. त्या कठीण आवरणाची ताकद सहा आठवड्यांना जेमतेम निम्म्यापर्यंत आलेली असते आणि पुढे कित्येक महिने ती वाढत राहते. सव्वा महिना झाला म्हणून त्याच दिवशी पाण्याने भरलेली बादली उचलू नये, याचे कारण हेच आहे.

पहिल्या दिवसांत करण्यासारखे थोडेच असते, पण ते महत्त्वाचे असते. पायांतील संवेदना परत आली की घोटे वर-खाली हलवत राहावे, कारण बाळंतपणानंतर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कोणाचा तरी हात धरून उठावे आणि चार पावले चालावे. उठताना सरळ पाठीवरून डोके वर काढू नये. आधी गुडघे दुमडावेत, खांदे आणि कंबर एकदमच फिरवून कुशीवर वळावे, पाय पलंगाखाली सोडावेत आणि हाताने रेटा देत बसते व्हावे. खोकला किंवा शिंक आली तर उशी किंवा घडी घातलेली चादर टाक्यांवर धरून हलका दाब द्यावा. लघवीची नळी काढल्यावर लघवी नीट होते ना, ती झाल्याचे कळते ना, याकडे लक्ष द्यावे आणि होत नसेल तर परिचारिकेला लगेच सांगावे.

ओटीपोटाच्या तळाचे हलके आकुंचन नळी निघाल्यानंतर, दुखत नसेल तर, पहिल्या आठवड्यातही सुरू करता येते. गुदद्वारातून वायू अडवल्यासारखे मागून आवळत जावे, ते आवळणे पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणावे आणि आत-वर उचलल्यासारखे करावे. श्वास रोखू नये, मांड्या आणि नितंब सैल ठेवावेत. आवळताना श्वास सोडणे बहुतेकींना सोपे जाते. सुरुवातीला तीन-चार सेकंद धरता आले तरी चालते. जितका वेळ धरले तितकाच वेळ, किंबहुना थोडा जास्त, पूर्ण सैल सोडावे. हळूहळू आठ ते दहा सेकंदांपर्यंत जावे, आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि शेवटी काही झटपट आवळणे-सोडणेही करावे, कारण शिंकेच्या क्षणी हेच जलद आकुंचन कामी येते. अर्नोल्ड केगेल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने १९४८ मध्ये हे व्यायाम मांडले, म्हणून त्यांना त्याचे नाव मिळाले. एका गोष्टीपासून सावध राहावे: लघवी करताना धार मध्येच तोडून सराव करू नये. जागा ओळखण्यासाठी एखादे वेळी तसे केले तर हरकत नाही, पण रोज केल्यास मूत्राशय पूर्ण रिकामे न होण्याची सवय लागू शकते.

प्रश्न मोकळेपणाने विचारावेत. कोणाची प्रकृती इथे बसून तपासता येत नाही, पण कशाची तपासणी करून घ्यावी हे नक्कीच सांगता येईल. मात्र ताप, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी, वाढता रक्तस्राव, एका पोटरीला सूज आणि दुखणे, धाप लागणे, यांपैकी काहीही असेल तर धाग्यावर उत्तराची वाट न पाहता तडक रुग्णालय गाठावे.

रानजाई

धागा वाचून फार बरे वाटले. माझे बाळ आता पाच महिन्यांचे आहे. कळा देऊन झाल्यावर बाळाचे ठोके कमी होऊ लागले म्हणून तातडीने सिझेरियन करावे लागले. मोबाईलवरच्या चित्रफिती पाहून मी केगेल व्यायाम नेटाने सुरू केले, परंतु त्रास कमी होण्याऐवजी वाढल्यासारखा वाटतो. लघवी झाल्यावरही पूर्ण झाली नाही असे वाटते, शौचाला जोर करावा लागतो, आणि पतीजवळ जाण्याची कल्पनाही नकोशी होते, कारण खूप दुखते. माझ्या आईचे म्हणणे आहे की व्यायाम कमी पडत आहे, आणखी करावा. आपल्याला काय वाटते?

मृदगंध

रानजाई, आईंचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही दिलेली लक्षणे पाहता व्यायाम वाढवण्याआधी तपासणी करून घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. तुमचे स्नायू दुबळे असण्यापेक्षा ताठरलेले असण्याची शक्यता अधिक वाटते. वेदना, भीती, टाक्यांजवळची ओढ, अवघडलेली बसण्याची पद्धत, अशा कारणांनी हे स्नायू कायम आवळलेले राहू शकतात. जो स्नायू सैलच होत नाही, तो आणखी आवळण्याचा सराव केल्याने वेदना वाढते, लघवी अडखळते आणि मलविसर्जनाला अडथळा होतो. अशा स्त्रीला आम्ही आधी सैल सोडायला शिकवतो.

तपासणी होईपर्यंत केगेल थांबवावेत आणि श्वासाचे काम करावे. पाठीवर पडून गुडघे दुमडावेत, एक हात छातीवर आणि एक बरगड्यांच्या खाली ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घेताना बरगड्या बाजूंना पसरू द्याव्यात, पोट वर येऊ द्यावे आणि ओटीपोटाचा तळ खाली उतरतो आहे याकडे लक्ष द्यावे. श्वास सोडताना मुद्दाम काहीही आवळू नये. दिवसातून दोन-तीन वेळा पाच मिनिटे एवढेच पुरे. टाक्यांवर ताण येत नसेल तर बालासनात, म्हणजे गुडघ्यांवर बसून पुढे वाकून, पोटाखाली उशी घेऊन, हेच करता येते.

दुखण्याविषयी आणखी एक कारण सांगितले पाहिजे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीच्या शरीरात इस्ट्रोजेन कमी असते आणि त्यामुळे योनिमार्ग कोरडा राहतो. हे कारण असेल तर त्यात तुमचा किंवा तुमच्या मनाचा काहीही दोष नाही, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ त्यावर साधे उपाय देऊ शकतात. हे पतींनाही वाचायला द्यावे.

भूपाळी

मी साठी ओलांडलेली आहे आणि दोन मुलींची, एका सुनेची बाळंतपणे घरात केली आहेत. आमच्याकडे साताऱ्यात बाळंतिणीचे पोट घट्ट बांधल्याशिवाय राहत नाहीत, मालीशवाल्या बाई सव्वा महिना येतात आणि अंघोळीनंतर शेक-शेगडी असते. सुनेचे सिझेरियन झाले तेव्हा डॉक्टरांनी मालीशच करू नका असे सांगितले आणि पट्टा मात्र दिला. नेमके काय करावे आणि काय टाळावे, हे कोणी नीट समजावून सांगत नाही. आपण सांगितलेत तर पुढच्या लेकीसुनांसाठी उपयोग होईल.

मृदगंध

काकू, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण बाळंतिणीने काय करायचे हे आपल्याकडे डॉक्टरांइतकेच घरातली वडीलधारी स्त्री ठरवते.

पट्ट्यापासून सुरुवात करते. सिझेरियननंतरच्या पहिल्या दिवसांत मऊ पट्ट्याने टाक्यांना आधार मिळतो, उठता-बसताना वेदना कमी होतात आणि बाळंतीण लवकर चालू लागते. एवढ्या कामासाठी पट्टा उत्तम आहे. मात्र पोट आत जावे म्हणून तो श्वास अडेल इतका आवळून दिवसरात्र बांधला, तर पोटातला दाब खाली ढकलला जातो आणि तो झेलावा लागतो याच तळाच्या स्नायूंना. पट्ट्याखाली तळहात सहज सरकला पाहिजे, झोपताना तो काढला पाहिजे, आणि काही आठवड्यांनी त्याची सवय सोडली पाहिजे. साडीचा किंवा सुती ओढणीचा पट्टाही या बेताने बांधला तर चालतो. पट्टा पोटाच्या स्नायूंना बळकट करत नाही. ते काम व्यायामाचेच.

मालीश हात, पाय, खांदे आणि पाठ यांना आनंदाने करावी. पाजून पाजून मान आणि खांदे भरून आलेले असतात, त्यांना खरोखर आराम मिळतो. फक्त ताज्या टाक्यांवर तेल लावू नये, पोटावर दाब देऊ नये, आणि एखाद्या पोटरीला सूज किंवा दुखरेपणा असेल तर तिथे चोळू नये, आधी डॉक्टरांना दाखवावे. शेगडीची धग टाक्यांवर घेऊ नये. त्या जागेची त्वचा बधिर असते, भाजले तरी कळत नाही. धुरीही टाळावी, बाळ आणि बाळंतीण दोघांच्याही श्वासासाठी.

खाण्यापिण्याच्या बाबतीत एक विनंती आहे. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू द्यावेत, पण पाणी कमी देऊ नये. बाळंतिणीने पाणी कमी प्यावे, असे अजूनही काही घरांत मानतात. लोहाच्या गोळ्यांनी आधीच मलावरोध होतो, त्यात पाणी कमी, पालेभाज्या बंद, आणि मग रोज कुंथणे. सिझेरियन झालेल्या स्त्रीच्या ओटीपोटाच्या तळावर याहून वाईट परिणाम करणारी रोजची सवय मला तरी माहीत नाही. कमोडवर बसताना पायांखाली छोटे स्टूल घ्यावे, म्हणजे गुडघे कंबरेच्या वर येतात, गुदाशयाभोवतीचा स्नायू सैलावतो आणि जोर करावा लागत नाही.

पाऊलवाट

मी एक पती या नात्याने लिहीत आहे. पत्नीचे सिझेरियन होऊन तीन महिने झाले आहेत. टाक्यांच्या वरची जागा बधिर आहे आणि तिथे कपडा लागला तरी तिला कसेसे होते, त्यामुळे ती त्या भागाकडे पाहतही नाही. शिवाय उठताना पोटाच्या मधोमध उंचवटा येतो. मणक्यात दिलेल्या इंजेक्शनमुळे कंबर कायमची गेली, असेही तिला सगळे सांगतात. घरी मी काय करू शकतो?

मृदगंध

तुम्ही विचारलेत हेच आधी चांगले केलेत.

आडव्या छेदात त्वचेच्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे बधिरपणा येतो. तो पुष्कळ जणींमध्ये काही महिन्यांत कमी होतो, थोडा भाग कायमही बधिर राहू शकतो, आणि त्याने अपाय होत नाही. नकोसे वाटणाऱ्या स्पर्शासाठी मात्र करण्यासारखे आहे. जखम पूर्ण बंद झालेली असेल, खपली किंवा ओल नसेल, साधारण सहा आठवडे उलटून गेले असतील आणि डॉक्टरांनी संमती दिली असेल, तर आधी टाक्यांपासून लांब, पोटावर, मऊ कापूस फिरवावा, मग सुती कापड, मग टॉवेल, असे करत हळूहळू जवळ यावे. हे तिने स्वतः करावे, तिच्या गतीने करावे. त्या जागेकडे आरशात पाहणे हादेखील उपचाराचा भाग आहे, पण कोणी बळजबरी करू नये. स्पर्श सहन होऊ लागला की दोन बोटांनी व्रणाची त्वचा वर-खाली, डावी-उजवीकडे, गोल अशी हलवावी. बोटे त्वचेवरून घसरू न देता त्वचा खालच्या थरावरून सरकवायची असते. एके ठिकाणी ती चिकटल्यासारखी वाटते; तिथे थांबावे, श्वास सोडावा, ओढ सैल होऊ द्यावी. दिवसातून पाच मिनिटे पुरेत. चिकटलेल्या व्रणामुळे काही जणींना मूत्राशय भरताना ओढल्यासारखे वाटते किंवा वरचेवर लघवी लागते, तोही त्रास यामुळे कमी होऊ शकतो.

मधला उंचवटा म्हणजे पोटाच्या उभ्या स्नायूंमध्ये पडलेले अंतर. पोर्तुगालमधील एका अभ्यासात गरोदरपणाच्या पस्तिसाव्या आठवड्यात तपासलेल्या सर्वच स्त्रियांमध्ये ते आढळले, आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी सुमारे ३९ टक्के स्त्रियांमध्ये ते शिल्लक होते. म्हणजे तीन महिन्यांना ते दिसणे यात घाबरण्यासारखे काही नाही. किती बोटे अंतर आहे, यापेक्षा मधला पडदा ताण धरतो की नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. पाठीवर पडून श्वास सोडत बेंबीखालचा भाग अलगद आत ओढणे, ते धरून एक टाच सरकवत पाय लांब करणे व परत आणणे, मग गुडघा बाजूला सोडणे, पुढे कंबर उचलून सेतुबंधासन, अशा क्रमाने जावे. कोणत्याही हालचालीत मधोमध उंचवटा उठला तर ती पायरी अजून आलेली नाही असे समजावे. पोट कमी करण्यासाठी दोन्ही पाय एकदम उचलणे, पाठीवर पडून उठून बसण्याचे व्यायाम (सिट-अप), नौकासन आणि कपालभाती सध्या करू नयेत. कपालभातीत प्रत्येक झटक्याला पोटातला दाब एकदम वाढतो, आणि तळाचे स्नायू सावरलेले नसतील तर तो दाब खालीच जातो. सूर्यनमस्कार पुढे नक्की करता येतील.

इंजेक्शनविषयी: कंबरेत भूल दिल्याने कायमची पाठदुखी लागते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. टोचल्याच्या जागी काही दिवस दुखते, क्वचित तीव्र डोकेदुखी होते आणि तिच्यावर उपचार आहेत. महिनोन्महिने टिकणारी पाठदुखी बहुधा सैलावलेल्या पोटामुळे, वाकून पाजण्यामुळे आणि झोपेच्या अभावामुळे असते, आणि व्यायामाने ती बरी होऊ शकते. हे तिला आवर्जून सांगावे, कारण कंबर गेली असे एकदा मनाने घेतले की माणूस हालचालीलाच घाबरू लागतो.

घरी तुम्ही काय करू शकता? बादल्या, किराणा, गॅसचे सिलिंडर, पाण्याचे कॅन आणि मोठे मूल, या सगळ्यांचे उचलणे तुमच्याकडे घ्यावे. पाजताना तिच्या पाठीमागे आणि बाळाखाली उशा द्याव्यात. आणि दिवसातून वीस मिनिटे बाळाला घेऊन दुसऱ्या खोलीत जावे, म्हणजे तिला व्यायाम करता येईल. माझ्या अनुभवात व्यायाम सुटतो तो आळसामुळे नव्हे, ही वीस मिनिटे कोणी देत नाही म्हणून सुटतो.

दूरदेशी

मी फ्रान्समध्ये राहते आणि माझे सिझेरियन इथेच झाले. इथे बाळंतपणानंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी होते आणि त्या वेळी ओटीपोटाच्या तळाच्या पुनर्वसनासाठी चिठ्ठी देतात. सहसा दहा सत्रे असतात आणि त्यांचा खर्च सामाजिक विमा उचलतो. माझी सत्रे एका सुईणीकडे झाली, इथे सुईण हे पदवीधर वैद्यकीय पद आहे. तिने आधी तळाच्या स्नायूंचे काम पूर्ण केले आणि त्यानंतरच पोटाच्या व्यायामाला हात लावू दिला. सिझेरियन झाले म्हणून मला यातून वगळावे, असे कोणाच्या मनातही आले नाही. पुण्यातल्या माझ्या बहिणीला मात्र असे काही असते, हेच कोणी सांगितले नव्हते. तिथे कोणाकडे जावे, आणि आतून तपासणी करावीच लागते का, हे कृपया लिहावे, कारण ती त्याच भीतीने टाळत आहे.

मृदगंध

आतील तपासणी सक्तीची नाही, हे सर्वांत आधी सांगते. स्नायूंची ताकद आणि ताठरपणा अचूक कळावा म्हणून हातमोजा घालून एका बोटाने तपासतात, पण ते स्पष्ट संमती घेऊनच, आणि मध्येच नको वाटले तर तिथेच थांबवून. पहिल्या भेटीत बोलणे, श्वास, पोट, व्रण आणि चाल एवढेच पाहिले तरी पुष्कळ कळते. पोटावरून सोनोग्राफी करूनही तळाचे स्नायू उचलले जातात का ते दिसते. बहिणीने भेटीची वेळ घेतानाच आपली अडचण सांगावी आणि सोबत कोणाला तरी न्यावे.

आपल्याकडे स्त्री-आरोग्य किंवा प्रसूती व स्त्रीरोग या विषयात काम करणारी फिजिओथेरपिस्ट शोधावी. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागावी. न मागता ती फारशी मिळत नाही, म्हणून मागावीच. खासगी भेटीचा खर्च परवडत नसेल, तर मुंबईतील केईएम, नायर, शीव यांसारख्या रुग्णालयांत किंवा नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात फिजिओथेरपीचे विभाग आहेत, तिथे चौकशी करावी. देखरेखीखाली किमान तीन महिने सराव करावा, अशी ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचना आहे आणि मलाही तेवढा काळ योग्य वाटतो. दोन आठवड्यांत गुण आला नाही म्हणून सोडून देणाऱ्या फार भेटतात.

तगर

मी परभणी जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. आमच्या भागातील बाया सिझेरियन झाले तरी सव्वा महिना होताच पाणी भरतात, आणि दोन-अडीच महिन्यांत शेतात खुरपायला जातात. फिजिओथेरपिस्ट गाठायची तर जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते, मजुरी बुडते. लघवीचा त्रास कोणी बोलूनच दाखवत नाही. अंग बाहेर यायला लागल्यावर मग कुजबुज होते. गृहभेटीत दहा मिनिटांत सांगता येईल, असे काही द्याल का?

मृदगंध

ताई, या धाग्यावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुमचा आहे. आशाताई बाळाच्या तपासणीसाठी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी जातात. शेवटची भेट नेमकी सहा आठवड्यांना पडते, आणि आईसाठी दोन प्रश्न विचारायला याहून चांगली वेळ नाही: खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना लघवी गळते का, आणि खाली काही उतरल्यासारखे किंवा जड वाटते का. चारचौघांत विचारू नये, सासूबाई चहा करायला आत गेल्या की विचारावे. हे पुष्कळ जणींना होते आणि बरे होते, एवढे वाक्य आधी म्हटले तर बाई बोलते.

शिकवायचे झाले तर सगळ्यांत आधी खोकण्यापूर्वीचे आवळणे शिकवावे. खोकला, शिंक येणार असे वाटताच, किंवा हंडा उचलण्याआधी, खालून आवळून वर घ्यावे आणि उचलताना श्वास सोडावा. यासाठी वेगळा वेळ लागत नाही, जागा लागत नाही, कोणाला दिसतही नाही. वेळेवर आवळण्याची ही युक्ती साधली की काही जणींचे गळणे आठवड्याभरातच कमी झालेले दिसते. त्यानंतर पाजायला बसल्यावर आठ-दहा वेळा आवळणे आणि पूर्ण सोडणे. पाजणे दिवसातून अनेकदा होतेच, त्यालाच जोडून दिले तर विसरत नाही. मात्र जिला दुखते, जिची लघवी अडखळते, तिला हे आवळणे देऊ नये, वर रानजाई यांना सांगितलेला श्वास द्यावा.

ओझ्याचे म्हणाल तर घरच्यांशी बोलावे लागेल. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये हे सांगावे, आणि त्यानंतर एक मोठा हंडा आणण्याऐवजी अर्धी भरलेली कळशी दोनदा आणावी. खुरपताना सतत उकिडवे बसण्यापेक्षा अधूनमधून एक गुडघा टेकून बसावे आणि उठताना श्वास सोडावा. मजुरीवर जाणाऱ्या बाईला विश्रांती घे असे नुसते सांगणे योग्य नाही, हे मी जाणते.

अंग बाहेर येत असेल तर वाट पाहू नये, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. सुरुवातीच्या अवस्थेत व्यायामाने फरक पडतो, आणि योनिमार्गात बसवायची कडी हा शस्त्रक्रियेशिवायचा उपायही उपलब्ध आहे. गर्भाशय काढून टाकणे हा एकमेव मार्ग आहे असे कोणी म्हणाले, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला सांगावे.

रानजाई

काल तपासणी करून आले. स्नायू ताठरलेलेच आहेत, असे सांगितले आणि सध्या आवळण्याचे व्यायाम बंद करून श्वास व व्रणाची मालीश दिली आहे. मला पूर्वी धावण्याची सवय होती. प्रसूती रजेचे सव्वीस आठवडे संपत आले आहेत, तेव्हा कामावर रुजू होतानाच धावणेही सुरू करावे असा विचार आहे. ते योग्य होईल का?

मृदगंध

धावण्याबाबत २०१९ मध्ये ब्रिटनमधील फिजिओथेरपिस्टांनी मांडलेल्या सूचनांनुसार बाळंतपणानंतर तीन महिन्यांच्या आत धावू नये, आणि त्यानंतरही लक्षणे नसतील तरच सुरू करावे. तुमचे तीन महिने उलटून गेले असले तरी वेदना आहे, म्हणून अजून थांबावे. तोवर भराभर चालावे. अर्धा तास भरभर चालून, एका पायावर दहा सेकंद उभे राहून आणि जागच्या जागी उड्या मारून जर गळत नसेल, जड वाटत नसेल, दुखत नसेल, तर तुमच्या फिजिओथेरपिस्टला विचारून एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे, असे आरंभावे. कामावर रुजू होण्याच्या त्याच आठवड्यात नवे काही जोडू नये. झोप आधीच कमी असेल, प्रवास वाढेल, दूध काढण्याच्या वेळा सांभाळाव्या लागतील. दुचाकीने जाणार असाल तर पहिले काही दिवस खड्ड्यांचा रस्ता टाळावा आणि गाडी मधल्या स्टँडवर ओढून लावण्याऐवजी बाजूच्या स्टँडवर लावावी. कार्यालयात दर तासाला उठावे, आणि लघवी लागली नसताना खबरदारी म्हणून वारंवार जाण्याची सवय लावून घेऊ नये. दोन-तीन तासांचे अंतर ठीक आहे.